पोटातला बेडूक

कामठा, २३ सप्टेंबर

चि. रेणू,

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र कोणाचं ते तुला कळलंच असेल, आणि न फोडता बाजूला ठेवावं असंही वाटलं असेल. माझीच मुलगी आहेस. फोडलंस तर वाच, नाहीतर पुण्याच्या कचऱ्यात कामठ्याच्या एका कागदाची भर पडेल.

बाबा फोन का करत नाहीत, असं तू आईला विचारलंस म्हणे. मला फोनवर बोलायला आवडत नाही. हल्ली पलीकडचा माणूस तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखा बोलतो, आणि आपल्याकडची रेंज तर तुला माहीतच आहे. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तू वाचलंस हे मला दिसतं आणि उत्तर दिलं नाहीस हेही दिसतं. त्यापेक्षा पत्र बरं. पोचलं की नाही हेच कळत नाही, मग आपल्या सोयीनं काय ते समजून घेता येतं.

पोळ्याच्या दिवशीचं मी विसरलेलो नाही. पोट दुखतं म्हणून आलेल्या खुशालला टेबलावर आडवा घेतला होता, बाहेर बाकावर अर्धं गाव बसलेलं. मी त्याचं पोट ऐकलं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. तू पुढे आलीस, तुझी नळी त्याच्या पोटावर ठेवलीस आणि काहीतरी पुटपुटलीस. मी म्हटलं, काय? तू पुन्हा पुटपुटलीस. मी पुन्हा म्हटलं, काय? तेव्हा तू ओरडलीस, "बाबा, पोट केवढं गुरगुरतंय! तुम्हाला ऐकू येत नाही. दवाखाना बंद करा आता!" ओरडायची काय गरज होती? हळू सांगितलं असतंस तर मी ऐकून घेतलं असतं. बाकावरची मंडळी दारातून आत डोकावू लागली. आयुष्य याच खोलीत घालवलं मी, आणि माझ्या लेकीनं मला माझ्याच पेशंटसमोर उघडं पाडलं. ज्या गाडीनं आलीस त्याच गाडीनं परत जा म्हणालो, ते रागातच म्हणालो. पण तूही लगेच बॅग उचललीस. तुझ्या वाटच्या पुरणपोळ्या आईनं शेवटी बैलाला घातल्या.

खुशाल ठणठणीत आहे, हे तुझ्या माहितीसाठी. परवा बोदलकश्याच्या तलावातले झिंगे घेऊन आला होता. आणि पोळ्याच्याच दिवशी सकाळी तूच मला सांगत होतीस की आता शहाणे सर्जन पोट ऐकत बसत नाहीत, एकच पोट दोन डॉक्टरांनी ऐकलं तर दोघं दोन गोष्टी सांगतात, त्यापेक्षा सीटी स्कॅन बरा. मग तुझंच ऐकणं खरं आणि माझं खोटं, हे कुठल्या हिशेबानं?

पण तुला आपल्या गावची माणसं ठाऊक नाहीत का? कालच नंदाबाई आली. गुडघा दुखतो म्हणाली. गुडघा पाहिला, गोळ्या लिहिल्या, तर बाई टेबलावरून उतरेना. "पोटाले मशीन नाही लावली जी तुमी." म्हटलं, बाई, दुखतो तर गुडघा. तर म्हणे, "मंग का झाला? पोट चांगला तं सब चांगला." लावली मशीन, म्हणजे आपली नळी. हे खूळ मीच लावलंय त्यांना, म्हणून तक्रार करायची सोय नाही. आधी डोळ्यांनी बघायचं, मग कानांनी ऐकायचं आणि सगळ्यात शेवटी हात लावायचा, असं मला शिकवलं गेलं आणि मी तसंच करत आलो. आता नळी पोटावर टेकल्याशिवाय त्यांना औषध लागू पडत नाही.

तुझ्या आईला मात्र एक नवीनच खोड लागली आहे. पेशंट आला की हातातलं काम टाकून दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहते, आणि पेशंट काय बोलला ते मोठ्यानं परत बोलते. "अगा माय, कालपासून उलट्या होऊन राहिल्या काय!" "उजव्या बाजूले दुखते म्हनता?" म्हटलं, तू कायले मधे बोलून राहिली, पेशंट माझा आहे. तर म्हणाली, "मले तेवढाच विरंगुळा." घरात एवढा मोठा टीव्ही आहे, तो नको. मी रागावलो तरी दारातून हलत नाही. म्हातारपणी माणसं हट्टी होतात.

उत्तर पाठव, असा आग्रह नाही.

तुझा,
बाबा


कामठा, १० ऑक्टोबर

चि. रेणू,

उत्तर आलं नाही. ठीक आहे, पोस्टाचा काय भरवसा.

हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आलाय. पाऊस गेला, सकाळी धानाच्या बांधीवर फिरायला बरं वाटतं. काल शेताच्या धुऱ्यावर बसून तुझी आठवण काढत होतो. लहानपणी रात्रीचं जेवण झालं की तू माझी नळी कानात घालायचीस आणि माझ्या पोटावर ठेवून डोळे मिटायचीस. "बाबा, तुमच्या पोटात बेडूक आहे!" मग आईच्या पोटाची पाळी. तिच्या पोटात दोन बेडूक असायचे आणि ते भांडत असायचे. एकदा तू रुसून उपाशी झोपली होतीस तेव्हा मी तुझं पोट ऐकून म्हटलं, तुझा बेडूक भाकरी मागून राहिला. तू उठून जेवलीस.

तेव्हाच तुला मी हे सगळं सांगून टाकलं होतं, पुढे कॉलेजात तुला वेगळं शिकायची गरज पडली नसेल. चांगल्या पोटाचा आवाज कसा, तर बांधीत पाणी सोडलं की मातीतून बुडबुडे येतात तसा. मधेच येतो, मधेच थांबतो. आतडं कुठे अडलं की तोच आवाज चढतो, बारीक होतो, पितळेच्या गुंडात थेंब पडावा तसा टिणटिण वाजतो. आतडं तेव्हा जोर लावत असतं. मग ते थकतं आणि पोट गप्प होतं. तू विचारायचीस, "म्हणजे बरं झालं का बाबा?" मी सांगायचो, नाही गं, ओरडणाऱ्या पोटाला भ्यायचं नाही, गप्प झालेल्या पोटाला भ्यायचं. अजूनही माझं म्हणणं हेच आहे. तुमच्या फोटोत आतड्याचा आकार दिसत असेल, पण ते जोर लावतंय की थकलंय हे कसं दिसणार?

माझी नळी जुनी झाली होती, रबर कडक झालं होतं. चंद्रकुमारला सांगून गोंदियाहून नवीन मागवली. कंपाउंडर म्हणून तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला मिसरूड नव्हती, आता डोक्यावर केस नाहीत, पण अजून कुठलीही वस्तू एका फेरीत आणत नाही. ही मात्र आणली. पण नवी नळीही तसलीच निघाली. हल्ली माल चांगला येतच नाही. आणखी एक मागवली आहे.

तुझी आई बरी आहे. जेवल्यावर मधूनमधून पोटात गोळा येतो म्हणते, मग आपोआप जातो. नवरात्राचे उपास, साबुदाणा, शेंगदाणे, दुसरं काय असणार? मी ऐकलं तिचं पोट. आहे सगळं व्यवस्थित. तू उगाच फोन करून तिला घाबरवू नकोस. तशीही ती हल्ली जेवण अर्ध्यावर सोडते आणि मी विचारलं की म्हणते, "पोट भरला."

तुझा,
बाबा


कामठा, २१ ऑक्टोबर

चि. रेणू,

तातडीचं काही नाही. एका पेशंटबद्दल विचारायचं आहे, एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला विचारतो तसं.

बाई आहे, साठीच्या पुढची. टेकचंदची बायको समज. बऱ्याच वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढलेली. पोटात थांबून थांबून कळ येते. कळ आली की भिंतीला हात लावून उभी राहते, गेली की कामाला लागते. कालपासून पोट थोडं फुगलंय. उलटी झाली का विचारलं तर नाही म्हणते. वारा सरला का विचारलं तर सरला म्हणते. तेवढ्यावर माझी भिस्त आहे, कारण वारा सरतोय म्हणजे वाट मोकळी आहे. जुन्या ऑपरेशनच्या जागी आतडं चिकटून अडकलं असेल का, असं मनात येतं आणि जातं. मग पुन्हा येतं.

आवाजांबद्दल तू विचारशील. ऐकले. बराच वेळ ऐकले.

प्रश्न असा की, नाडी बरी असेल, ताप नसेल, वारा सरतोय असं बाई स्वतः सांगत असेल, तर किती वाट बघावी? तू असतीस तर लगेच मशीनमध्ये घातलं असतंस, ते मला माहीत आहे. गोंदियाला नेऊ का, असं मी तिला विचारलं. तर म्हणाली, "तुमी ऐकला ना? मंग कायले जाचा?" तशी ती हसून खेळून आहे. आज सकाळी मला चहा करून दिला. म्हणजे मी तिच्या घरी बघायला गेलो होतो तेव्हा.

हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत ती बरी झालेली असेल, हे मला कळतं. तरी लिहितोय. कोणाला तरी विचारल्यासारखं वाटतं.

चंद्रकुमार पोस्टात जायला निघालाय, म्हणून इथेच थांबतो.

बाबा


गोंदिया, २३ ऑक्टोबर

रेणू,

टेकचंदची बायको खडखडीत आहे. ती बाई तुझी आई आहे. हे तुला मागचं पत्र अर्धं वाचूनच कळलं असणार. तिच्याशिवाय मला सकाळी चहा कोण देतं?

मी इथे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. आत नेलंय तिला. आयुष्यभर मी या दाराच्या आतल्या बाजूला होतो, बाहेरचा बाक एवढा कडक असतो हे माहीत नव्हतं.

आता सगळं सांगतो, म्हणजे नंतर लपवायला काही उरणार नाही.

सोमवारी, म्हणजे ज्या दिवशी तुला ते पत्र लिहिलं त्याच दिवशी, मी दुपारी तिला टेबलावर निजवलं. पोट फुगलेलं दिसत होतं. नळी लावली. बेंबीभोवती, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा बेंबीवर. काही नाही. रेणू, काही म्हणजे काही नाही. दुसरी नळी घेतली, तिसरी घेतली. तशीच. तुझी आई छताकडे बघत पडली होती, मधेच माझ्या तोंडाकडे बघायची. मी खूप वेळ वाकून राहिलो. गप्प पोटाला भ्यायचं, हे वाक्य माझं मलाच आठवत होतं आणि पाठीला घाम आला होता. शेवटी मी विचारलं, "वारा सरला का?" आणि ती झटकन म्हणाली, "सरला ना जी. आताच तं सरला." मी सरळ उभा राहिलो आणि तिला म्हणालो, "मग बरोबर आहे, आवाज येऊन राहिले." ती "हो ना" म्हणाली आणि उठून बसली.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी चंद्रकुमारला हाक मारली. तो नुकताच डबा खाऊन हात धूत होता. भात, वरण, आलू-वांग्याची भाजी, सगळं त्याच्या पोटात होतं. म्हटलं, आडवा हो. तो घाबरला. "मले का झाला साहेब?" म्हटलं, तुला काही झालं नाही, आडवा हो. त्याचं पोट ऐकलं. काही नाही. मग खुर्चीत बसून शर्ट वर केला आणि स्वतःचं ऐकलं. तिथेही काही नाही.

आपले कान गेले हे कळल्यावर कोणी खूश होतं का? मी झालो. हातातली नळी टेबलावर ठेवली आणि मला हसू आलं. म्हणजे गप्प पोट नव्हतं, कान गप्प होते! जेवून उठलेल्या धडधाकट चंद्रकुमारचं पोट जसं गप्प, तसंच तुझ्या आईचं, सुशीलेचं गप्प. म्हणजे तिचं पोट चंद्रकुमारच्या पोटासारखंच असणार. हा असला हिशेब मी केला, रेणू. शाळेतल्या पोरानं केला असता तर मी त्याचा कान पिळला असता. दोघांचंही ऐकू येत नाही, म्हणजे दोघांचंही मला काहीच माहीत नाही, एवढी साधी गोष्ट. पण सुटल्यासारखं इतकं वाटलं की पुढचा विचारच केला नाही. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो. तुझ्या आईनं वाढलं आणि स्वतः नंतर जेवते म्हणाली.

आज सकाळी ती अंगणात तुळशीपाशी खाली बसली ती उठली नाही. हातपाय गार, नाडी सुतासारखी. चंद्रकुमारनं शेजारची गाडी आणली. मागच्या अंगणात तो पाण्याची बादली घ्यायला गेला आणि परत येऊन माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, बाईच्या उलट्या हायेत मांगं. मातीनं झाकल्या." हिरव्या होत्या म्हणाला.

इथला सर्जन तुझ्याच वयाचा आहे. त्याच्या गळ्यात नळी होती, पण त्यानं ती पोटाला लावली नाही. पोट दाबून बघितलं, तिला मशीनमध्ये घातलं आणि मला येऊन सांगितलं. काय सांगितलं ते मला नीट कळलं नाही. त्याच्या तोंडावर मास्क होता. ओठ दिसले की मला बरंचसं समजतं. चंद्रकुमार मधे उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "आतडा पिरगळला हाय म्हनते साहेब, आतमदी सडला असन म्हनते, आताच कापावा लागते म्हनते." तेव्हा मला एकदम कळलं की तुझी आई दारात येऊन काय करत होती.

चंद्रकुमार म्हणाला, रेणूताईले फोन लावू का? मी म्हटलं, नको, मी कळवतो. म्हणून हे लिहितोय. लिहून खिशात ठेवतोय. पोस्टात टाकायला इथून उठवत नाही.


गोंदिया, २७ ऑक्टोबर

रेणू,

आई आहे. आधी हे लिहितो.

हातभर आतडं काढलं, काळं पडलं होतं. मला दाखवलं त्यांनी ट्रेमध्ये. मी बघितलं. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली, मला ओळखलं, चंद्रकुमार जेवला का विचारलं. पण पोट पुन्हा फुगलंय. नाकातल्या नळीतून अजून हिरवं येतंय. वारा सरलेला नाही. सर्जन म्हणतो की राहिलेली आतडी अजून जागी झाली नाहीत, थोडी वाट बघू. काल मात्र मला बाजूला घेऊन, मास्क खाली करून, सावकाश म्हणाला की आणखी एक-दोन दिवसांत हालचाल झाली नाही तर पुन्हा पोट उघडावं लागेल, आणि दुसरं ऑपरेशन त्या सोसतील असं मला वाटत नाही. चांगला मुलगा आहे. मला सर म्हणतो.

आता फोनचं सांगतो. गुरुवारी चंद्रकुमारनं माझ्या मोबाईलवरून तुला फोन लावला, "बोला साहेब" म्हणून माझ्या कानाला लावून दिला आणि तो खाली औषधं आणायला गेला. तू बोलत होतीस. तुझा आवाज आहे एवढं समजत होतं, शब्द एकही लागत नव्हता. थांबलीस की मी "हो" म्हणायचो. पुन्हा बोललीस, पुन्हा मी "हो, हो" म्हणालो. मग तू बराच वेळ काही बोलली नाहीस, किंवा बोललीस, मला ते कळायला मार्ग नव्हता. मी "बरं, ठेवतो" म्हणून फोन बंद केला. चंद्रकुमारनं येऊन विचारलं, "का म्हनली ताई?" मी म्हटलं, येते म्हणाली.

रेणू, तू काय विचारलं होतंस? "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं असशील तर मी हो म्हणालोय. "माझ्यावर अजून रागावलात का?" असं विचारलं असशील, तरी हो म्हणालोय. "मी आले नाही तर चालेल ना?" यालाही हो म्हणालो असेन. गुरुवारपासून माझ्या डोक्यात हेच चालू आहे. चंद्रकुमार गोंदिया स्टेशनवरून येणारी प्रत्येक गाडी मोजतोय आणि म्हणतोय, "ताई काऊन नाही आली अजून?" मी त्याला काय सांगू?

आज दुपारी तुझ्या आईनं डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं. नर्स औषधाची ट्रॉली घेऊन पलीकडे गेली होती. आईनं हातानं माझ्या खिशाकडे खूण केली. नळी सवयीनं खिशातच असते माझ्या. मी कानात घातली आणि टाक्यांवरची पट्टी सांभाळून तिच्या पोटावर ठेवली. तिनं विचारलं, तिचे ओठ मी ओळखतो, "येऊन राहिला का जी आवाज?"

हो म्हणणं अगदी जिभेवर आलं होतं. तिलाही तेच हवं असेल असं वाटलं. पण त्या दिवशीच्या खोट्या 'हो'नं तिचं काय झालं ते मी ट्रेमध्ये बघितलं होतं. मी नळी काढली आणि म्हणालो, "सुशीला, मले ऐकू नाही येत. तुझाही नाही, कोनाचाच नाही."

तिला नवल वाटलं नाही. "मालूम हाय," म्हणाली. "मंग दारात कायले उभी राहत होती मी?"

मी विचारलं, "आणि तो वारा? सरला म्हणालीस ते?"

तिनं मान हलवली. नव्हता सरला. बोलताना तिला धाप लागत होती, म्हणून थांबून थांबून म्हणाली, "तुमी एवढा वेळ वाकून होते. घाम फुटला होता तुमाले. एकावर एक नळ्या बदलवून राहिले होते. मले पाहावला नाही जी. रेणू गेली तवापासून तुमी अर्धे झाले. म्हनला, मी नाही म्हनन तं हा मानूस इथंच मोडन. वाटला, गोळा हाय, जाईल आपोआप."

मी तिच्यापासून कान लपवत होतो आणि ती माझ्यापासून पोट लपवत होती. या वयात तिचा हात धरून मी सगळ्या वॉर्डादेखत रडलो, रेणू. मोठ्यानं रडलो असेन, कारण नर्स धावत आली. मला माझा आवाजही कळत नाही आता.

मग आई म्हणाली, "रेणूले बोलवा. तिले ऐकू येते."

मी आता कोणाच्या उपयोगाचा नाही. इतक्या पोटांना कान लावला आणि हे एक पोट ऐकायची वेळ आली तेव्हा बहिरा निघालो. पट्टीवरून हात फिरवत बसतो. हाताला कधी वाटतं खाली काहीतरी हललं, मग वाटतं तिचा श्वास असेल. सर्जनला विचारायला गेलो की तू ऐकून बघ ना एकदा, तर त्या मुलानं ऐकलंही, माझ्या समाधानासाठी. काहीतरी बोलला. मी मान हलवली.

तुझं सगळं बरोबर होतं. माझे कान गेले हे बरोबर होतं, दवाखाना बंद करायला हवा होता हे बरोबर होतं. पोट ऐकून नक्की काही सांगता येत नाही हेही बरोबरच असेल. तू येऊन ऐकलंस म्हणून आतडी जागी होणार नाहीत, हे डॉक्टर म्हणून मला समजतं. तरी ये. आज निघ. राग असला तर तो घेऊनच ये, माझी हरकत नाही.

हे पत्र आणि खिशातलं आधीचं पत्र चंद्रकुमारकडे देतोय. तो दोन्हींचे फोटो काढून तुला पाठवेल, आणि आता तुझ्याशी तोच बोलेल. त्याला मी त्या फोनचं आत्ताच खरं सांगितलं. तो एक अक्षर बोलला नाही, किंवा बोलला असेल.

दारावर कोणी अडवलं तर डॉक्टर आहे म्हणून सांग. आल्यावर माझ्याशी बोलत बसू नकोस, मला कळायचं नाही. माझी नळी उशीशी पुसून ठेवली आहे. ती कानात घाल, आईच्या पोटावर ठेव आणि लहानपणी मिटायचीस तसे डोळे मिट. मी दारात उभा असेन. बेडूक बोलला तर नुसता हात वर कर, मला दिसेल.

नाही बोलला, तर लगेच नळी काढू नकोस.

बाबा